ब गट

अ गटाचे फोटो बेळगावच्या पेपरात यायचे.
आमचा ब गट निपाणीत, वखारीमागं,
तंबाखूच्या खकाण्यात.

येझदीचे ब्रेक मीच काढायचो,
डाव्या बुटाला पत्रा ठोकायचो.
दस्तगीर शिंकत शिंकत पुढं.
खानापूरचा सावेर हरला की कोकणीत शिव्या द्यायचा,
जिंकला की कानडीत.
आणि पायगोंडा,
उंबरा ओलांडावा तसा वळणावर पाय टाकायचा.

बक्षीस स्टीलचा डबा.
शेवटचा माझ्याकडंच आहे. त्यात नटबोल्ट असतात.

फेऱ्या मोजायचं काम माझं.
त्या दिवशी चारच्या पाच झाल्या.
चौथीला पायगोंडा पुढं होता.
पाचवीत घसरला.

डबा सावेरनं नेला नाही.
म्हणाला, राहू दे, मोजणाऱ्याला.