दीड चमचा

पंखा बंद. वाऱ्यानं पातळी हलते.
रे रोडच्या गाळ्यात हेड उलटं निजवलंय,
चेंबरच्या तोंडावर ग्रीस, वर ॲक्रिलिकची चकती,
चकतीच्या बारीक भोकातून सिरिंजनं सोडते
लाल रंग घातलेलं रॉकेल, थेंब थेंब.
एक बुडबुडा कडेला चिकटून बसतो.
टिचकी मारते. हलतो, निघत नाही.
दुसरी.
बेचाळीस पॉइंट दोन.
चारही चेंबर एकदा, मग चारही परत.

दफ्तरींच्या निहारचा सकाळपासून तिसरा फोन:
"साडेनऊ ठेवा ना. साडेआठ म्हणजे
बूस्ट नसेल तेव्हा गाडी मेलेली."
अगदीच चुकीचं नाही बोलत पोरगा.

पास्कल मिस्किटा कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे
पेन्सिल चालवतो. एका सिलिंडरचे पाचशे सीसी.
साडेनऊ हवं तर पिस्टन वर आल्यावर
डोक्यावर उरले पाहिजेत अठ्ठावन्न पॉइंट आठ,
साडेआठला सहासष्ट पॉइंट सात.
वजाबाकी मी तोंडी करते. सात पॉइंट नऊ.
खोकल्याच्या औषधाचा दीड चमचा, वर आठ थेंब.
एवढ्या पोकळीवरून दोन आठवडे भांडतोय आम्ही.

सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणार,
घरचंच खाऊन घरालाच भरवणार,
दीडपट हवा आत कोंबणार.
दाबलेली हवा तापते,
हे सायकलला पंप मारणाऱ्या पोराच्या बोटांनाही ठाऊक असतं.
त्यावर आमचा घामट मे.
त्यावर कुठल्याशा पंपावरचं पेट्रोल,
पाटीवर एक आकडा, टाकीत कुठला कोण जाणे.
ठिणगी पडते, ज्योत एका कडेनं निघते
आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या मिश्रणाला
धीर धरवत नाही. आपल्या आपणच पेटतं.
पत्र्याच्या डब्यात मूठभर हरभरे हलवावेत, तसा आवाज.
पास्कलचा डावा कान गोदीत गेला,
पण हे हरभरे त्याला झोपेतही ऐकू येतात.

बिलांवर वजन म्हणून ठेवलेला पिस्टन
पहिल्या दिवशी मला ॲशट्रे वाटला होता.
मधोमध रुपयाएवढं भोक, कडा मेणासारख्या ओघळलेल्या.
दादर पारसी कॉलनीतल्या केरसास्पची गाडी.
दहाच्या वर नेलं होतं पास्कलनं.
"माझाच माज तो," म्हणतो.
केरसास्पनं पैसे परत मागितले नाहीत.
मागितले असते, तर पिस्टन कधीच भंगारात गेला असता.

मला जागा सोडायची सवय नाही.
शिवडीच्या आमच्या खोलीत पलंगाखाली ट्रंक,
ट्रंकेखाली पाट, पाटाखाली रद्दी.
रिकामं दिसलं की हात काहीतरी शोधायला लागतात.
म्हणून नऊ म्हटलं मी. ना त्याचं ना तुमचं.

पास्कल नऊवर काट मारतो.
"फ्रीवेवर तो किती वेळ असणार गो?
रात्री दोनला, पंधरा मिनटं.
बाकी एसी लावून साकीनाक्याला उभा.
फ्रीवेची गाडी नको बांधूस.
साकीनाक्याची बांध."

आठ पॉइंट आठ.
इंटरकूलर मोठा घेतोय, म्हणून वरचे तीन दशांश.
नाहीतर तेही दिले नसते त्यानं.

राजकोटला फोन लावते.
"बारा सीसीची वाटी. चार नग."
पलीकडे कागद उलटल्याचा आवाज.
"खोलगट ना, मॅडम? तिकडचे लोक फुगीर मागवतात."
"खोलगट."

रॉकेल परत बाटलीत. चेंबरच्या तळाशी
लाल डाग राहतोच, बनियनच्या चिंधीनं टिपते.
पंखा लावते.
बिलांच्या कडा फडफडतात, उडत एकही नाही.
फोन वाजतो. दफ्तरी.
आधी हात पुसून घेते.