दिवाडीहून नार्व्याला

गाडीत माझ्याकडे एक कार्ड असतं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं,
पणजीच्या हॉटेलवाल्यानं छापलेलं:
दिवाडी बेट. तीन तास. पाहण्यासारखं सात.
सातव्या ओळीवर कुणाच्या तरी चहाचा डाग पडलाय.
सातवं काय हो? पाहुणे विचारतात.
मी म्हणतो, ते शेवटी.

जुन्या गोव्याच्या कमानीपासून मांडवी पाच मिनिटांची.
फेरीबोटीची लोखंडी जीभ धक्क्यावर पडते, खडाड्,
आणि स्कूटरी, पोदेराची सायकल,
पिशवीत मासळी लपेटलेली एक बाई,
नगरचे सबनीस, त्यांची पत्नी आणि मी
सगळे एकदम बेटावर सांडतो.

पहिलं, मानस.
भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं लाकडी दार.
शेकडो वर्षं ह्यानं खाऱ्या पाण्याला सांगितलंय
की तांदूळ आमचा, खेकडे तुझे.
सबनीस फोटो काढतात बगळ्याचा.

दुसरं, टेकडीवरची इगर्ज. तिथला वारा कार्डावर नाही.
तिसरं बोंदेरां: दोन वाड्यांचं हद्दीवरून जुनं भांडण,
आता बावटे नाचवून, बांबूच्या बंदुकांतून
हिरवी फळं उडवून साजरं करतात.
पण ते ऑगस्टात, आता मार्च.
मग मी हातवारे करून दाखवतो, आणि सबनीस हसतात,
औषधाच्या दुकानात गिऱ्हाईकाला हसावं तसं.

चौथं, पाचवं राहू द्या. ऊन चढलं होतं.

सहावं, दफनभूमीतलं कपेल.
रुझार किल्ली आणतो. गुडघा दुखतो त्याचा,
पायरीला हात टेकवून चढतो.
आत अंधार, मेणाचा वास, वाळून कडक झालेली फुलं.
तो बांबू वर करतो: पळय.
छतात दगडाचं फूल. पाकळीत पाकळी.
कुठल्या देवळाचं, हे त्याला विचारू नका,
पंडित आले होते, मापं घेऊन गेले.
तो एवढंच सांगतो,
मेलेल्यांच्या सणाआधी भिंतींना चुना मीच काढतो.
फुलाला नाही काढत.
ओल्या फडक्यानं नुसतं पुसतो,
तान्ह्याची टाळू पुसतात तसं.

आणि सातवं?
सातवं एक तळं, पायऱ्यांवर शेवाळ,
बाजूला गवत, गवतात एक म्हैस.
देव इथे होता. पोर्तुगेजांच्या काळात
लोकांनी त्याला नदीपलीकडे नेला, नार्व्याला.
सबनीस घड्याळ बघतात: इथे तर काहीच नाही.
त्यांच्या पत्नीनं मात्र
कुणी न सांगता चपला काढल्या होत्या.
म्हशीला वाट देत उभ्या राहिल्या,
बराच वेळ, तापल्या दगडावर.

निघताना रुझारनं मला बाजूला घेतलं.
तू त्या बाजूचा ना रे? दिवचलीचा?
आणि कपेलामागच्या माडाचं तेल दिलं,
फेणीच्या जुन्या बाटलीत, बुचाऐवजी केळीचं पान.
जन्म इथे गेला त्याचा, नार्वें कधी पाहिलं नाही.
मध्ये नदी एवढीशी,
पण जायला कारण लागतं म्हणाला, आणि गुडघा.
शेजारी घर सोडून गेला तरी
वर्षातून एकदा काहीतरी धाडावं की नको?

पाहुण्यांना हॉटेलवर सोडून
संध्याकाळी मी परत दिवाडीला आलो, तिथून नार्व्याच्या फेरीनं घरी.
पाणी तांबूस, एक होडी उलटी घालून ठेवलेली.
देवळात पावतीबुक उघडं होतं.
नाव?
रुझार.
पुजाऱ्यानं पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं,
मग लिहिलं.
गोत्र?
मी म्हटलं, दिवाडी.
तेही त्यानं लिहिलं, ऱ्हस्व दीर्घ नीट.

दुसऱ्या दिवशी नवे पाहुणे, तेच कार्ड.
रुझार किल्ली घेऊन आला, पायरीपाशी थांबला.
देव कसा आहे, देऊळ केवढं,
वात नीट लागली का, काही नाही.
बाटली, म्हणाला,
बाटली परत हाडली मूं रे?