डावी स्टिक

चार महिने अकरा दिवस.
बिल मी जपून ठेवतो, सवय आहे.
एवढ्यात डाव्या स्टिकचं रबर
वरच्या कडेला सोललं, आतलं पांढरं प्लास्टिक दिसायला लागलं.
निहार म्हणाला, पप्पा, सगळ्यांचंच जातं.
हे वाक्य मी कंपनीत रोज ऐकतो
आणि त्यावर लाल शिक्का मारतो.

अंबडला आमच्याकडे गाड्यांचे रबरी बूट बनतात,
अ‍ॅक्सलच्या सांध्यावर चढवायचे, घडीघडीचे.
एकोणीस वर्षं मी इन्स्पेक्शनला.
रबर खोटं बोललं तर अंगठ्याला कळतं.
म्हणून कंट्रोलर डब्याच्या पिशवीत घालून नेला,
जेवणाच्या सुट्टीत ड्युरोमीटर टेकवला:
अडतीस.
पन्नासच्या खालचा माल आमच्या गेटबाहेर जात नाही.
गायकर हसला. खेळणं आहे हो ते, बच्छाव.
मी म्हणालो, साडेपाच हजारांचं.

मग कागदावर पाच वेळा 'का' लिहिलं,
ऑडिटवाले शिकवून गेलेत तसं.
रबर का गेलं? कडेला घासून.
का घासलं? भोवतीची कडी खरखरीत,
स्टिक पुढे नेली की मान तिच्यावरच टेकते.
पुढेच का? माणूस पळवायचा असतो.
इथपर्यंत ठीक होतं.
चौथ्यासाठी रात्री पोराच्या मागे खुर्ची टाकून बसलो.
पडद्यावरचा माणूस पळत होता, जेवढं पळता येतं तेवढं,
स्टिक कडीला भिडलेली, त्यापुढे वेग नाहीच,
आणि निहारचा अंगठा तरी रेटत होता,
नख पांढरं पडेपर्यंत.
अरे, पोचलंय ते. आणखी दाबून काय होणार?
माहितीये, म्हणाला,
आणि दाबतच राहिला.

पाचवा 'का' कोरा सोडला.

गेटवरचं पंचिंगचं मशीन गेल्या दिवाळीपासून
माझा अंगठा घेत नाही.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणते आतली बाई, गोड आवाजात.
बुटांच्या शिवणीवरून फिरवून फिरवून रेषा गेल्या.
एचआरची पोरगी म्हणाली, काका, करंगळी लावून बघा.
करंगळी चालते.
तिला कधी काम पडलं नव्हतं.

भद्रकालीत तौसीफच्या टेबलावर
लोणच्याच्या बरणीत झिजलेल्या टोप्या.
जास्त करून डावीच येते, म्हणाला,
चालायचं काम तिच्याकडं ना.
उजवी नुसती बघायला असते.
त्यानं कंट्रोलर उघडला, फुंकर मारली,
काळी भुकटी टेबलावर उडाली.
आतली पट्टीपण गेलीय, भाऊ.
टोपी बदलून देतो, पण तुमचा माणूस
आपला आपण चालत राहणार.
टोपीचे दीडशे. आतलं धरून साडेसातशे.
मी टोपीचे दिले.
आतलं पुढच्या पगाराला बघू.

सेकंड शिफ्ट करून आलो तेव्हा सव्वाबारा.
निहार टीव्ही तसाच ठेवून झोपलेला.
नवी टोपी काळीभोर, कंट्रोलर गादीवर उताणा,
आणि पडद्यावर तो माणूस,
कोणी हात न लावता,
डावीकडे चालत चालत भिंतीला लागलेला,
तरी पाय उचलत होता.

पायमोजे न काढताच बसलो.
कंट्रोलर घेतला, टोपीवर अंगठा ठेवला,
उजवीकडे रेटलं, फार नाही, केसाएवढं.
थांबला.
सोडलं, निघाला.
पुन्हा रेटलं.
कुठे किती लावायचं ते हाताला समजायला
पाच-सात मिनिटं गेली.
मग तो नीट उभा राहिला, भिंतीपासून दोन पावलांवर,
खांदे वर-खाली होत होते त्याचे,
दम खाल्ल्यासारखे.
एवढं कोणी कशाला बनवलं असेल.

आतून वैजयंता म्हणाली, ताट झाकलंय, गार होईल.
आलो, म्हटलं.
याला जरा उभं राहू दे.