बोटभर

जळगाव सोडून म्हसावदच्या रस्त्याला लागलं
की केळीच्या बागांवरून ती इमारत दिसते.
वास्तुकारानं म्हणे
वाऱ्यानं फाटलेल्या पानावरून घेतली कल्पना.
रिक्षावाल्याला तसं सांगून कळत नाही.
'उलटी कढई' म्हटलं, की म्हणतो, बसा.

मे महिना. सेहेचाळीस अंश.
तिकीट तीस रुपये, साठीच्या वर पंधरा.
माझ्यापुढे बस्ता बांधून निघालेलं एक अख्खं कुटुंब,
पिशव्यांसकट, नुसत्या गारव्यासाठी आत आलेलं.
त्यातली म्हातारी एका कोऱ्या पांढऱ्या चित्रासमोर
बैठक मारून बसली.
"हे बरं हाये," म्हणाली. "डोयाले थंड वाटतं."
त्या चित्राबद्दल याहून नेमकं
तिथं लावलेल्या पाटीवरही नव्हतं.

मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली, फैजपुरात.
डोंगर दोन, सूर्य एक, नदी मधून.
एलिमेंटरीच्या पोरांना तांब्या आणि वांगं,
वांगं आमच्याकडचं, भरताचं, हिरवं,
जांभळं रंगवलं की गुण कापायचो.
इथं एका चौकटीत नुसता गंज.
शेजारच्या चौकटीत सुतळी.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
सुतळीच होती.

मग चित्रं सोडली आणि भिंती पाहू लागलो.
सरळ अशी एकही नाही.
भिंत कुठं थकते आणि छत कुठं सुरू होतं
ते मान मोडेस्तोवर पाहूनही कळेना.
वरच्या फटीतून उन्हाची पट्टी उतरलेली,
दुपारभर ती फरशीवरून चालते,
पोरं तिच्यावरून उड्या मारतात,
रखवालदार काही बोलत नाही.
काँक्रीटवर लाकडाचे रेषे उमटलेत.
फळ्या केव्हाच कुणाच्या चुलीत गेल्या असतील,
गाठी आणि खिळ्यांची डोकी मात्र
जिथल्या तिथं.

"सर."

मागं वळलो. मेंदी लावलेली दाढी, कानावर पेन्सिल.
"ओयखलं नई का? रुबाब तडवी. आठवी ब."
चेहरा आठवला नाही. बोटं आठवली.
फूटपट्टी उभी धरून मारायचो मी,
कारण त्याची रेघ सरळ यायची नाही.
खोडून खोडून कागद फाटायचा,
आणि रेघ आपली सातपुड्यातल्या पायवाटेसारखी
जाईल तिकडे.

"हे सेंट्रिंग माझंच आहे, सर. चौदा मानसं, सात महिने.
दर उन्हाळ्यात बोलावतात, तडे पाहायला."

त्यानं मला जिन्यामागं नेलं,
जिथं चित्र नाही, म्हणून कुणी जात नाही.
"इथं टेकू खचला, रातच्याला. फळी सरकली.
बोटभर फरक पडला.
मी म्हटलं, फोडतो, पुन्हा भरतो, मजुरी कापा.
साहेब आला, खाली बसून पाहत राहिला,
चहा आला तो गार झाला.
मग म्हने, राहू दे."

मी हात लावला.
छत तिथं जरासं दचकलं होतं
आणि मग आपल्या वाटेनं पुढं गेलं होतं.
बाहेर सेहेचाळीस,
आणि ती जागा रांजणाच्या बुडासारखी गार.

म्हणायचं होतं ते ओठांपर्यंत आलं.
निघालं भलतंच:
"बोटभर नाही रे. पाऊण."

रुबाब हसला. खिशातून टेप काढली,
एक टोक माझ्या हातात दिलं,
दुसरं स्वतः धरून वाकला.
"पाऊनच," म्हणाला. "बरोबर, सर."

त्यानं टेप सोडली.
पातं सुर्रकन परत आलं,
आणि मी नकळत
माझी बोटं मिटून घेतली.