झिप्र्याची गणती

कातडीपासून बाहेर, थराथरानं.
वरवर फणी फिरवली की वरचा केस चमकतो
अन् आतली लोकर गाठी धरून बसते
कानांमागे, काखेत, शेपटीच्या बुडाशी.
खोब्रागडे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
"मे आला म्हणून भादरू नका बरं याला.
जे थंडी अडवते, तेच ऊनही अडवते."

मेमध्ये आम्ही पहाटे पाचला निघतो.
आधी तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवायची,
मलाच सोसत नसेल तर त्याच्या पंजांना कुठून!
मग दिवसभर तो कूलरसमोर, ओल्या पोत्यावर,
अंगाला वाळ्याचा वास,
अन् फरशीवर केसांचे ढग पळत असतात.
वरणात एखादा निघतोच.
पाहुणे थबकतात. आम्ही काढतो, जेवतो.

त्रिमूर्तीनगरात मेंढ्या कुठल्या?
त्यानं गल्लीतले पोट्टे वळले.
नखात्यांच्या लग्नात अख्खा वरपक्ष
मांडवाच्या एका कोपऱ्यात दाबून बसवला.
रात्री घरभर फिरून मोजतो:
मी, सुलभा, मृण्मयी.
कोणी गच्चीवर राहिलं तर
घोट्याला नाक लावून खाली आणतो.
चावत नाही. ढकलतो.

माघात हिंगण्याच्या रस्त्यावर
राबाऱ्यांचा कळप आडवा आला.
तीनशे तरी असतील. धूळ, घंटा, लोकरीचा उग्र वास.
झिप्र्या पोट जमिनीला लावून थिजला,
एक पंजा उचललेला,
हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.
मला वाटलं, आता.
तेवढ्यात एका म्हाताऱ्या मेंढीनं पाय आपटला
अन् आमचे साहेब माझ्या दोन पायांच्या मधोमध.
कळप आम्हाला घासत दोन्ही बाजूंनी वाहत गेला.
शेवटी राबारी. पागोटं सावरत हसला,
"भाऊ, याले कोण राखते?"

घरापर्यंत त्यानं मान वर केली नाही.
रात्री फणी घेऊन बसलो.
पंजांतून कुसळं निघाली, मानेखाली एक गोचीड,
अन् छातीच्या केसांत गुंतलेला
पांढरा, जाडाभरडा, तेलकट धागा,
त्याचा नव्हता.
फेकायला उठलो
तर त्यानं तो हातातून अलगद घेतला,
पोत्यावर ठेवला.

दहा वाजता नेहमीसारखा फिरला:
मी, सुलभा, मृण्मयी.
परत जाऊन धाग्याला नाक लावलं.
चार.