दुसरी वाचक

कॉड माशाच्या कानात दगड असतो,
घेवड्याच्या दाण्याएवढा.
दर हिवाळ्याला त्यावर एक कडं चढतं.
कडी मोजायची, वय लिहायचं.
ग्दिनियाच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर,
एकोणीस वर्षं मी हेच करते.

बाल्टिकचे दगड मात्र सहज वाचू देत नाहीत.
कडी फुटतात, विरतात,
चहा सांडलेल्या कागदावरच्या अक्षरांसारखी.
म्हणून नियम असा, की दोघींनी वाचायचं,
एकमेकींचं न बघता.

इव्होना मुलीकडे नॉर्वेला गेली, जागा भरली नाही.
प्राध्यापक झेलिन्स्की दारातूनच म्हणाले,
गुण कमी पडताहेत, डिसेंबरच्या आत दोन लेख हवेत,
नाहीतर विभागाचा दर्जा घसरतो.
दुसरा रकाना, बोग्ना, तुम्हीच बघा जरा.
‘जरा’ म्हणताना ते कोटाचं बटण लावत होते.

मी बघितलं.
सहाशे बारा दगड, एक रात्र.
आधी नुसतेच आकडे हलवले,
पण ते हलवल्यासारखे दिसत होते.
मग तिला स्वभाव दिला.
जेवणानंतर तिला पेंग येते, एखादं कडं सुटतं.
म्हाताऱ्या माशांना ती एक वर्ष वाढवून देते,
माझी आई स्वतःला द्यायची तसं.
पहाटेपर्यंत ती माझ्याहून खरी झाली.

लेखात छापून आलं:
दोन वाचक, स्वतंत्र, एकमत एक्क्याण्णव टक्के.
खसखशीचा केक कापला.
मी दोन तुकडे खाल्ले.

आता क्लाइपेडाहून पत्र आलंय,
कुणी ऑगुस्टे म्हणून विद्यार्थिनी.
माझी कडी तुमच्याशी जुळत नाहीत,
चूक माझीच असणार.
तुमच्या दुसऱ्या वाचकाच्या हाताखाली
आठवडाभर शिकायला येऊ का?
त्यांचं नाव लेखात कुठे सापडलं नाही.

चूक माझीच असणार.
किती सरळ हस्ताक्षर आहे पोरीचं.

तळघरातून ट्रे वर आणला.
दोनशे सातवा दगड दिव्याखाली धरला.
मी पाच लिहिले होते, तिने सहा.
आज चार दिसतात. तिरका केला की पाच.
कळत नाही.
तेव्हाही हेच लिहायचं होतं,
पण कळत नाही याचा रकाना नव्हता.

प्रिय ऑगुस्टे,
जरूर ये. शेजारची खुर्ची मोकळी आहे.
तशी ती चार वर्षं
मोकळीच आहे.