चाळीस सेकंद

पूर्णा जंक्शन. रेल्वे इन्स्टिट्यूटचं ग्राउंड.
लग्नात नवरा-नवरीचे फोटो फिरवणारा माझा प्रोजेक्टर
आज पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीवर.
भिंतीला पोपडे आलेले,
त्यामुळे कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ गेलं की
प्रत्येक खेळाडूचा पाय क्षणभर मोडायचा.

सतरंज्यांवर दीडशे माणसं.
त्यात ऑफसाइड कळणारे एकटे येसूदास सर.
धुरपतबाई विचारायली, "आपली कोणती?"
"जाळीपुढं हाय ती, हिरव्या कपड्यातली. खिल्लाऱ्याची उत्पला."
"सगळ्याजणी निळ्यात, अन् हिलाच कामून हिरवं?"
"राखण करायलीय ती."
"मंग बसायला एक खुर्ची तरी द्यावं."

तिचा बाप यादव, गेटमन,
पासावर गाड्या बदलत तिसऱ्या दिवशी गुवाहाटीला पोचलेला.
सामन्याआधी त्याचा फोन :
"घरचं मैदान म्हणतेत रे,
अन् निम्म्या खुर्च्या मोकळ्या.
फोन चालूच ठेव. तुमचा आवाज येऊ दे इकडं."

एका कानात यादव, एका कानात पूर्णा.
पहिल्याच कॉर्नरला कानात तो ओरडला, "अरे अरे अरे!"
आणि भिंतीवर चेंडू अजून मधल्या रेषेवर
कुणाच्या तरी पायाशी खेळत बसलेला.
मी मोजले. चाळीस सेकंद.
नेट तेवढं मागं चालायलं होतं.

उशिराचं आम्हाला काय?
गाडी आउटरला उभी असताना
आम्ही दुसरा चहा सांगणारी माणसं.
पण हे निराळं होतं.
इथं गाडी येऊन, थांबून, निघूनही गेलेली
आणि फलाट सगळा
बोचकी सावरत रुळांकडं बघत उभा.

"धर तिला!" "वढ पाय!" "सोडू नको माय!"
कुस्तीच्या फडातलं, कबड्डीतलं,
जे होतं ते सगळं आम्ही फुटबॉलला वाहिलं.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला कानात शिट्टी.
मग यादवचा श्वास, नुसता श्वास.
मग फार लांबून थोड्याशा माणसांचा आनंद,
पाहुण्यांचा असावा.
मग तो हळूच,
"गेला रे."

भिंतीवर अजून काहीच झालं नव्हतं.

मग झालं. पाय लागला, पोरगी पडली,
पंचाचं बोट पांढऱ्या ठिपक्याकडं.
येसूदास सर खुर्ची लोटून उठले,
"उजवीकडं, उत्पला! ही उजवीकडंच मारते!"
आणि सगळं ग्राउंड, चहावाला दस्तगीर,
कडेवरची लेकरंसुद्धा :
उजवीकडं! उजवीकडं!

मी सांगायला पाहिजे होतं.
मी ओरडलो.
सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, घसा फाटेस्तोवर,
जणू भिंतीवरचंच खरं
आणि कानातलं कुणाचं तरी स्वप्न.

ती उजवीकडंच गेली.
हात लागला.
हात लागून चेंडू आत.

"कशाला ओरडायलेत आता?" यादव विचारत होता.
मला बोलता येईना.
"थांब," म्हणाला, आणि आवाज बदलला,
वारा आला फोनात, मोकळ्या खुर्च्यांचा.
त्यानं मोबाइल वर धरला असावा, मैदानाकडं.
आमचं उरलंसुरलं उजवीकडं
तिथं पोचलं, तेव्हा ती बहुतेक
हातमोज्याची पट्टी आवळत असेल.

इकडं सगळे गप्प.
मग धुरपतबाईची एकटीची टाळी :
"लागला की हात! दिसला न्हाई का?
पोरीचा हात लागला की!"

आठ दिवसांनी उत्पला आली, ग्राउंडवर, चप्पल घालून.
भिंत बघितली. जिथून चेंडू गेला तिथं तळवा टेकवला,
तर एक पोपडा हातात आला.
सर म्हणाले, "अर्धं पाऊल आधी निघायला पाहिजे होतंस."
ती हसली,
"मग तुम्ही थोडं आधी ओरडायचं की, सर."

सगळे हसले.
मी वायर गुंडाळत होतो,
ती उगीच परत सोडली
आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळली.